मूळ मालकाशी संपर्क साधा

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि क्लॅरिनेट वाजवतो. पहिल्या कामाचा त्याला पगार मिळतो, दुसऱ्याबद्दल शेजारी बोलतात. एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. म्हणजे शेजाऱ्यांची होती, पण तिची आम्हाला सवय झाली होती.

मग त्याने स्वतःच्या आठ चाली रेकॉर्ड केल्या. स्टुडिओत नाही, एका चौदा मजली इमारतीच्या माथ्यावर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये. तिथे भिंती जाड आहेत, आवाज छान घुमतो आणि किल्ली त्याच्याकडेच असते. सहा महिन्यांचे रविवार त्यात गेले.

"आता हे लोकांपर्यंत पोचायला हवं," वहिनी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, अर्धवट सोडलेलं काही तिला बघवत नाही. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग तिने तिच्या भावाला फोन केला.

वहिनीचा भाऊ आधी वॉशिंग मशीन विकायचा, नंतर विमा, आणि गेली दोन वर्षं तो स्वतंत्र संगीतकारांना सल्ला देतो. त्याने स्वतः एक गाणं प्रसिद्ध केलं होतं. ते अकरा जणांनी ऐकलं, त्यांतले सात आम्ही. आम्ही त्याला 'सल्लागार' म्हणतो. त्यालाही ते आवडतं, त्यामुळे टोमणा फुकट जातो.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. सल्लागाराने लॅपटॉप उघडला.

"दाजी, मार्ग तीन आहेत. पहिला, मोठा प्लॅटफॉर्म. अख्खं जग तिथे ऐकतं."

"आणि विकलं जातं का?"

"विकायचं नसतं हो. ऐकलं जातं. हजारो लोकांनी ऐकलं की एका चहाचे पैसे सुटतात."

"दुसरा?"

"व्हिडिओचा. तिथे चेहरा दिसावा लागतो." त्याने दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईने पुढचं पान उघडलं. "तिसरा छोटा आहे. आपलं आपलं दुकान मांडायचं. ज्याला हवं तो पैसे देऊन चाली उतरवून घेतो. पण तिथे फारसं कुणी जात नाही."

"मला हा बरा वाटतो," दादा म्हणाला. "ज्याला हवं तो घेईल."

पेशंटने स्वतःच निदान करून आणल्यावर डॉक्टर जसे बघतात, तसं सल्लागाराने दादाकडे बघितलं. "दाजी, आजच्या काळात सगळीकडे असावं लागतं."

तर सगळीकडे असायचं ठरलं. सगळीकडे आपण स्वतः जायचं नसतं, त्यासाठी वितरक कंपन्या असतात. तुमचं संगीत घेऊन त्या दुकानादुकानांत ठेवतात. सल्लागाराने एका कंपनीत खातं उघडलं. चार दिवसांनी दुसऱ्या कंपनीची सवलत दिसली, म्हणून तिथेही उघडलं. "एक बंद पडली तर दुसरी असावी," तो म्हणाला. हा विमा विकत असतानाचा गुण.

मग फॉर्म. त्यात संगीताचे दोनशेच्या वर प्रकार होते आणि दादाचा एकही नव्हता. चालींचा मूड निवडायचा होता, ते सहाच होते.

"तिसरी चाल आधी उदास आहे, मग जरा चिडते," दादा म्हणाला.

"एकच निवडता येतो, दाजी. शांत टाकू?"

"ती शांत नाही."

"यादीत चिडका नाहीये," सल्लागार म्हणाला आणि त्याने आठही चाली शांत करून टाकल्या.

पहिली चाल एका लांब स्वराने सुरू होते. चाळीस सेकंद तोच स्वर. लोक तेवढं थांबत नाहीत, तो कापायला हवा, असं सल्लागाराने आकडेवारीनिशी सांगितलं. दादा दिवसभर कुणाशी बोलला नाही. स्वर राहिला.

शेवटी फोटो. "कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. संगीतकार लांब बघतात," असं त्याला गच्चीवर उभं करून सांगण्यात आलं. दादाने आज्ञाधारकपणे लांब बघितलं. लांब पाण्याची टाकी होती. त्यामुळे मुखपृष्ठावर दादा टाकी भरून वाहतेय का, ते तपासताना दिसतो.

शुक्रवारी संगीत प्रसिद्ध झालं. सहा दिवसांत नऊ जणांनी ऐकलं. सातव्या दिवशी मेल आला. हे संगीत दुसऱ्या कुणाच्या मालकीचं असल्याचं आढळल्याने काढून टाकण्यात येत आहे, मूळ मालकाशी संपर्क साधून परवानगी घ्यावी. खाली मूळ मालकाचं नाव होतं. ते दादाचं होतं.

वहिनीने मेल दोनदा वाचला. "म्हणजे तुम्ही तुमच्याकडूनच चोरलंत?"

झालं होतं असं, की दोन्ही कंपन्यांनी त्याच आठ चालींची मालकी आपापल्या नोंदीत चढवली होती. मोठ्या प्लॅटफॉर्मच्या यंत्राने त्या जुळवून पाहिल्या आणि चोर पकडला. दुसऱ्या कंपनीसाठी सल्लागाराने दादाच्या नावाने नवा ईमेल पत्ता काढला होता आणि त्याचा पासवर्ड तो विसरला होता.

"याकडे सकारात्मक नजरेने बघा," सल्लागार म्हणाला. "यंत्राने तुमचं संगीत ओळखलं."

मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. लोकांना हेलपाटे घालायला लावणारी उत्तरं कशी लिहितात, ते मला ठाऊक आहे, कारण त्यांतली काही मीच लिहिलेली आहेत. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दादाने आधी मूळ मालकाला, म्हणजे स्वतःला, त्या नव्या ईमेल पत्त्यावर एक पत्र पाठवलं. 'आदरणीय महोदय' अशी सुरुवात होती. मी पाच दिवस खपून पासवर्ड सोडवला. मग दादाने स्वतःचं पत्र उघडलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि परवानगी देऊन टाकली.

"देत नाही म्हणाला असतास तर?" मी विचारलं.

"विचार आला होता," दादा म्हणाला.

ती परवानगी जोडून मी प्लॅटफॉर्मकडे अर्ज केला. आठवड्याने उत्तर आलं. अर्जदार आणि मालक ही एकच व्यक्ती असल्याचा संशय असल्यामुळे अर्ज नामंजूर. मी हात टेकले. मनातून मात्र ते वाक्य आमच्या खिडकीसाठी टिपून ठेवलं.

त्या रविवारी दादा मशीन रूममध्ये गेला नाही. क्लॅरिनेट पेटीत, पेटी कपाटावर. पुढच्या रविवारीही तसंच. शेजाऱ्याने तब्येतीची चौकशी केली, यावरून काय ते समजावं. मग एका दुपारी वहिनीने तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "ते छोटं दुकान आपल्याला मांडता येईल. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

तासाभरात झालं. मूड कुणी विचारला नाही. माहितीच्या जागी दादाने दोन वाक्यं सांगितली: 'मी लिफ्ट दुरुस्त करतो. या चाली लिफ्टच्या मशीन रूममध्ये वाजवल्या आहेत.' सल्लागाराला कळवलं नाही. पहिली खरेदी वहिनीने केली, दुकान चालतंय का ते बघायला. त्यानंतर अकरा दिवस कुणी फिरकलं नाही. बाराव्या दिवशी एका अनोळखी माणसाने आठही चाली घेतल्या, आणि दोन दिवसांनी त्याचा निरोप आला.

'चाली आवडल्या. पहिला लांब स्वर पुन्हा पुन्हा ऐकला. चौथीत मध्येच लिफ्टची मोटार सुरू होते. तिचं मागचं बेअरिंग जायला आलंय, बघून घ्या. मी याच कामात आहे, तीस वर्षं झाली.'

ते रेकॉर्डिंग चालू असताना कुणीतरी लिफ्ट बोलावली होती. दादाला तो आवाज क्लॅरिनेटखाली चांगला वाटला, म्हणून त्याने तसाच ठेवला होता. आता त्याने निरोप उभ्यानेच वाचला आणि चपला घातल्या. मी मागोमाग गेले.

मशीन रूममध्ये त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावलं, मूठ कानाला टेकवली आणि मला लिफ्ट बोलवायला सांगितलं. मोटार फिरली. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला.

"ती चाल तू शंभरदा ऐकली असशील. तुझंच काम आहे हे. तुला कसं कळलं नाही?"

"मी क्लॅरिनेट ऐकत होतो."

त्याला शरम वाटायला हवी होती, पण चेहरा खुलला होता. कुणीतरी चौथ्या चालीपर्यंत पोचलं होतं, तेही मोटारीच्या मागचं बेअरिंग ऐकू येईल इतक्या लक्षाने. बेअरिंग त्याच आठवड्यात बदललं. दादाने त्या माणसाला तसं कळवलं, त्याने कोणत्या कंपनीचं टाकलं ते विचारलं, आणि दोघांचं जमलं. त्याने आपल्या ओळखीच्या लिफ्टवाल्यांना सांगितलं. महिन्याभरात पन्नासेक जणांनी चाली घेतल्या. काही जण दोरांबद्दल लिहितात, काही ब्रेकबद्दल, क्वचित कुणी संगीताबद्दल.

सल्लागाराला कळलं तेव्हा तो धावत आला. "दाजी, श्रोतावर्ग सापडला. आता फक्त लिफ्टवाल्यांसाठी एक मालिका करू."

"तू आधी ती दोन खाती बंद कर," दादा म्हणाला. इतक्या वर्षांत मेहुण्याला त्याने एवढ्या कडक आवाजात काही सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. वहिनी खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती.

जेवताना दादाने मला सहज विचारलं, "तू ऐकल्यास का गं?"

"पासवर्ड कुणी सोडवला?"

"ते नाही विचारलं."

मी भाजी वाढून घेतली. तुकडे तुकडे कानावर पडले होते, दाराआडून, फोनवर, बैठकीत. सलग एकही चाल मी ऐकली नव्हती. या सगळ्या प्रकरणावर मी ऑफिसात किस्से मात्र रंगवून सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी त्या दुकानातून चाली विकत घेतल्या आणि खोलीचं दार लावून आठही ऐकल्या. मधे फोन वाजला, उचलला नाही. संध्याकाळी दादा कामावरून आला तेव्हा मला काहीतरी बरं बोलायचं होतं, पण आमच्या घरात तसं बोलायची पद्धत नाही.

"सहावीत तुझा श्वास कमी पडतो," मी म्हणाले. "शेवटाकडे."

तो चमकून माझ्याकडे बघत राहिला. "त्या दिवशी लिफ्ट बंद होती. चौदा मजले चढून गेलो होतो."

"मग परत वाजवायची."

"वाजवली होती. नीट झाली, पण मजा गेली." त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "सातवी कशी वाटली?"