वयोमानानुसार अंगदुखी

औषध कंपनीच्या तक्रार विभागात नऊ वर्षं एकाच खुर्चीवर काढल्यामुळे सगळे तिला तक्रारताईच म्हणत. लोक फोन करत, ती वहीत लिहून घेई आणि नक्कल वर पाठवी.

त्या सकाळी एका गवंड्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, हे तुमची कोलेस्टेरॉलची गोळी घेतात. चार दिवसांपूर्वी खोकल्यासाठी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. तेव्हापासून मांड्या अशा दुखतायत की खुर्चीतून उठवत नाही. आणि आज लघवी... सांगायलाही कसंतरी होतं. कोऱ्या चहासारखी काळी."

तक्रारताईने दोन्ही औषधांची नावं विचारून वहीत लिहिली. ही दोन औषधं एकत्र आली की कधी कधी स्नायू विरघळतात आणि तो गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो, हे तिला ठाऊक होतं.

"गोळी द्यायची थांबवा. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. दोन्ही पाकिटं सोबत घ्या."

दुपारी साहेबांनी बोलावलं. ते दातांत काडी घालत होते. तिच्या कागदावरचं 'स्नायू विरघळण्याचा संशय' खोडून त्यांनी 'वयोमानानुसार अंगदुखी' लिहिलं होतं.

"साहेब, तो माणूस बेचाळीस वर्षांचा आहे."

"मग 'कष्टाच्या कामामुळे' लिहा." साहेबांनी काडीचं टोक निरखलं आणि ती पुन्हा तोंडात घातली.

"पण या वर्षातली ही सहावी तक्रार आहे."

"आधीच्या पाच कुठायत? फाइलीत तर एकही नाही."

तिने फाइल काढली. कागदोपत्री पाचही जणांना अंगदुखीच झाली होती. खाली सही तिची. साहेबांकडून टाइप केलेले गठ्ठे येत, ती न वाचता सही ठोकत असे. साहेबांची शिसारी आली होतीच, पण त्याहून जास्त स्वतःची. संध्याकाळी मूळ वही पर्समध्ये घालून ती दवाखान्यात गेली.

गवंडी वाचला होता. मूत्रपिंडं मात्र बंद पडली होती. यंत्रातून रक्त फिरत होतं आणि खाटेशी अत्तराचा भपकारा सोडत एक वकील उभा होता. याच वॉर्डात त्याने आणखी तीन पक्षकार गाठले होते.

वहीची पानं बघून त्याचे डोळे लकाकले. "झकास! साक्षीत एवढंच म्हणा, की गोळी म्हणजे निव्वळ विष. अँटिबायोटिकचं नाव काढू नका. केस कच्ची होते."

"माझा भाऊ हृदयविकारातून उठलाय, तो हीच गोळी घेतो. तुमचं ऐकून उद्या शंभर जण घाबरून गोळी सोडतील, त्यांचं काय?"

"लोकांचं लोक बघतील." वकिलाने मोबाइल काढला आणि तो गवंड्यावर वाकला. "जरा डोळे मिटा. चेहरा आणखी खंगलेला दिसू दे."

"मेल्यावर काढा फोटो!" बायको कडाडली.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तक्रारताईने ऐकले होते. इथे तर माणूस अजून जिवंत होता.

कोर्टात तिने सगळं सांगितलं. अँटिबायोटिकसुद्धा. कंपनीला ठाऊक असूनही पाकिटावर इशारा नव्हता, हेही.

"म्हणजे खोट्या कागदांवरची सही तुमचीच?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"माझीच. कागद वाचले नव्हते. आता वही वाचून दाखवते."

दोन्हीकडचे वकील तिच्याकडे सारख्याच डोळ्यांनी बघत राहिले.

तक्रारी दडपल्याचा ठपका कंपनीवर आला, गवंड्याला भरपाई मिळाली आणि पाकिटावर इशारा छापण्याचा हुकूम झाला. तक्रारताईची नोकरी गेली. साहेब रुग्ण-सुरक्षा विभागाचे प्रमुख झाले. गवंडी आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेतो, थापी उचलत नाही.

एके दिवशी त्याची बायको औषधाच्या दुकानातून नवं पाकीट मागून घेऊन आली. "ताई, इशारा कुठाय हो? मला तर दिसत नाही."

तक्रारताईने पाकीट खिडकीशी नेलं. घडीच्या आत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तो होता.

"थुंकावंसं वाटतं यांच्या तोंडावर," बायको म्हणाली.

"वाटतं खरं," तक्रारताई म्हणाली आणि कोर्टाला अर्ज लिहायला बसली.