गव्हर्नरांचं कोठार

निहारने पेनाचं टोपण काढलं आणि प्रबंधाच्या शेवटच्या पानावर सही ठोकली. हे सर्व काम मी एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय केलं आहे, अशी ती प्रतिज्ञा. नुकतीच इथल्या एका मंत्र्याची डॉक्टरेट उचलेगिरीपायी गेली होती, तेव्हापासून जर्मनीत या सहीकडे फारच आदराने पाहत.

शाई वाळायच्या आत उल्काने आपला कागद पुढे सरकवला.

"आता इथे. जुनी लिपी वाचल्याचा अनुभव आहे, एवढंच लिही. शुक्रवारपर्यंत कागद पोचला तर अर्काइव्हमधली नोकरी माझी."

"आल्झो, म्हणजे असा विचार कर," निहार बायकोला समजावू लागला. "पत्रं मी वाचली म्हणून आत्ता सही केली. लगेच तू वाचलीस म्हणून कशी करू? काही तत्त्व असतं की नाही?"

मुद्दा बिनतोड होता. पत्रं तीनशे बारा. मूळच्या जर्मन असलेल्या, अमेरिकेतल्या एका वसाहतीच्या गव्हर्नरने बव्हेरियातल्या भावाला लिहिलेली. त्या गव्हर्नरचं चरित्र आणि लोकसेवा हा निहारचा विषय. पण जुन्या वळणाच्या त्या लिपीतलं त्याला तारखेपलीकडे काही लागत नसे. खालच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजींकडून उल्का ती शिकली आणि पाच वर्षं पत्रं उतरवून देत राहिली.

लोकसेवेतला मुकुटमणी म्हणजे दुष्काळात उघडलेलं सरकारी कोठार. एका पत्रात मात्र गव्हर्नरने कबूल केलं होतं, की मी तापाने पडून होतो, कोठार बायकोने उघडलं, आणि कळल्यावर मी तिच्यावर ओरडलो. उल्काने तेही उतरवून दिलं. निहारने वाचलं आणि वगळलं.

"एका पत्राने माणूस ठरत नाही," तो म्हणाला होता.

शुक्रवारी तोंडी परीक्षा झाली. उल्का मागच्या रांगेत. शेवटी प्राध्यापकांनी एका पत्राची प्रत पुढे केली.

"दुष्काळाच्या वर्षातलं दिसतंय. दोन ओळी वाचून दाखवा."

निहारने तारीख पाहिली, घसा साफ केला आणि सरकारी अहवालातलं पाठ वाक्य जर्मनमध्ये म्हटलं, "आज मी स्वतः कोठार उघडलं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्राध्यापक म्हणाले. ते इंग्रजी दस्तऐवजांचे जाणकार; ही लिपी त्यांनाही येत नव्हती. सगळ्यांनी टेबलांवर बोटांची पेरं वाजवली. इथे विद्वानांना टाळ्या अशाच मिळतात.

मग वाइन आली. प्राध्यापक उल्काजवळ आले.

"अभिमान वाटत असेल. पाच वर्षं नवऱ्याला सांभाळलंत."

"हो. मला एक सही हवी होती." तिने पर्समधून कागद काढला. "जुनी लिपी वाचता येते, एवढंच. आज शेवटची तारीख आहे."

"अरे वा. पण ऐकल्याशिवाय कसं लिहून देऊ?"

"उल्का, घरी बोलू," निहार मराठीत म्हणाला.

प्राध्यापकांनी तीच प्रत तिच्यापुढे धरली. "हे वाचा. आत्ताच ऐकलंय, म्हणजे मला ताडून पाहता येईल."

उल्काने पेला खाली ठेवला आणि चष्मा लावला.