एक वाजता उठायचं

ओबोचा शेवटचा सूर मध्येच तुटला आणि त्यामागून विल्फ्रेड पास्कचा दमलेला श्वास मायक्रोफोनमध्ये शिरला. काचेपलीकडच्या साहेबांनी रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद केला. एक वाजायला अर्धं मिनिट होतं.

लंडनच्या त्या स्टुडिओत आम्ही सहाजण सकाळपासून वाजवून पार थकलो होतो. मी व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावावर. गाणं डॅरेल नावाच्या बावीस वर्षांच्या लांब केसांच्या पोराचं. होतं पॉपच, पण साथीला त्याला पियानोच्या आधीचं हार्प्सिकॉर्ड, सनईसारखा ओबो असा जुना दरबारी थाट हवा होता. ओबोचा तुकडा म्हणजे गाण्याचा जीव, आणि तो विल्फ्रेडकडे. तो बासष्टचा, छाती कामातून गेलेली. हा तुकडा फसला तर पुढचं बोलावणं येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

पंचाईत अशी, की आमच्या युनियनचा प्रतिनिधी तोच. कामाची ठरलेली वेळ दहा ते एक म्हणजे दहा ते एक. वीस वर्षांत त्याने एक मिनिट वर जाऊ दिलं नव्हतं. मागच्याच महिन्यात 'एकदाच पुन्हा घेऊ द्या' म्हणून गयावया करणाऱ्या आमच्यातल्या विनिफ्रेडला त्याने सगळ्यांदेखत उठवलं होतं. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता.

एक वाजला. कुणी वाद्याच्या पेटीला हात लावला नाही. विनिफ्रेडसुद्धा व्हायोलिनचा गज मांडीवर धरून बसून राहिली.

मी हळूच म्हणालो, "घे की रे अजून एकदा. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," विल्फ्रेड म्हणाला. "चला, उठा."

डॅरेल आत आला तेव्हा विल्फ्रेडने त्याची माफी मागितली.

"आहे तसंच राहू द्या, मिस्टर पास्क," तो म्हणाला. "माझे वडील कारखान्यातून जिना चढून आले की असाच श्वास टाकायचे. त्यांच्यावरच लिहिलंय हे."

गाणं तुफान चाललं. तो श्वास लोकांना तोंडपाठ झाला. विल्फ्रेडला मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही.

दोन वर्षांनी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही चहा पीत असताना रेडिओवर नेमकं तेच लागलं. मी बंद करायला उठलो, तर त्याने बाही धरून मला खाली बसवलं. तुटलेला सूर आला आणि गेला.

"त्या दिवशी एक वाजला तरी एकजणसुद्धा उठला नव्हता रे," तो म्हणाला.

गाणं संपलं, बातम्या लागल्या, तरी माझी बाही त्याच्या हातातच होती.