तांबड्याला लिंबू चालत नाही

रविवारी दुपारी सायखेड्याच्या द्राक्षमळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. सिन्नरहून जीपा भरून यायच्या, नाशिकहून लोक एस.टी.नं यायचे, आणि सगळ्यांच्या माना गादीकडे वळलेल्या असायच्या. गादीवर द्राक्षेश्वर महाराज. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी त्र्यंबकेश्वरात कुणाच्या तरी ओसरीवर पडून असत, असं काही जण सांगायचे, पण हळू आवाजात.

महाराजांपुढे काचेची बरणी. तिच्यात पावसानं फुटलेल्या द्राक्षांचा आंबवलेला रस, फिक्कट पांढरा. हाच रस गावात दुसऱ्या कुणी केला असता तर पोलिसांनी दारू म्हणून उचलून नेलं असतं. महाराजांनी केला म्हणून ते द्राक्षासव. त्यात सगळ्यांसमक्ष भंडाऱ्याची चिमूट पडायची आणि आसव पिवळं व्हायचं. मग ते पितळी फुलपात्रात ओतायचं, वर पंजा धरून महाराजांनी काहीबाही पुटपुटायचं, फुलपात्र गरगर फिरवायचं आणि काचेच्या ग्लासात रिकामं करायचं. ग्लासात तांबडंलाल. बायका हात जोडायच्या, म्हातारे डोळे पुसायचे.

"पांढरं पित्त धुतं, तांबडं रगत भरतं," महाराज सांगायचे. "पांढरं घ्यावं माशासंगं, तांबडं घ्यावं मटणासंगं. मटणासंगं पांढरं घेतलं तर बोकडाचा आत्मा भटकतो. आन तांबड्यासंगं आंबट वर्ज्य. लिंबू म्हंजे तर विष."

बोकडाचा आत्मा भटकून जातो कुठे, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

पंगत बसली की चवीचं पुराण सुरू व्हायचं. मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून, तांबड्याचा घोट घेऊन सोसायटीचे चेअरमन डोळे मिटायचे. "लवंग लागती. मागून जुना गूळ." शेजारचा झुंबर मान हलवायचा, "मला तर बुवा चंदन लागलं." एकाला त्यात म्हणे छातीतली ऊब कळायची. ज्याला जे हवं ते त्याला लागायचं. ग्लास मात्र सगळ्यांचा एकाच फुलपात्रातून भरलेला.

पहिल्या ओळीत चांगुणा बसायची. तिला मानानं बसवायचे, कारण महाराजांचा उजवा हात म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ कोंडाजी. फुलपात्र घासून-पुसून पडद्यामागून आणून देण्याचा मान त्याचाच. आई वारली तेव्हा चांगुणा परकरी पोर होती. कोंडाजीनं तिला वाढवलं, शेंबूड पुसला, लग्न लावून दिलं. दादाचा शब्द तिनं कधी ओलांडला नव्हता.

तिच्या अंगात रक्त कमी होतं. नाशिकच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या बंद करू नका म्हणून बजावलं होतं. कोंडाजीनं त्या बंद करवल्या. "गोळ्यांनी का कुठं रगत होतं, चांगुणे? तांबडं पी. बघ कशी टवटवीत होशील." झालं. गोळ्या फडताळात मागे सरकल्या.

गंमत म्हणजे चांगुणेची जीभ भलती तल्लख. पांढरं तिला मनापासून आवडलं होतं. गोदेच्या तळलेल्या मासळीबरोबर घेतलं तेव्हा आधी पाडाची कैरी लागली, मग मासळीचा तेलकटपणा धुऊन निघाला आणि शेवटी जिभेवर मधाची पुसट गोडी राहिली. तांबडं तोंडाला लावलं तर आंबटपणा पार गायब. हळदीचा कडवटपणा, आणि दातांवर काहीतरी खरखरीत. बोकडाच्या काळजाचा तुकडा खाऊन घोट घेतला तर काळजाचीही चव मेली.

"दादा, ह्यात द्राक्ष लागतच नाय," ती म्हणाली होती.

"आजारी माणसाची जीभ ती," कोंडाजी म्हणाला. "मुकाट्यानं पी."

ती मुकाट्यानं प्यायली. पंगतीत कोंडाजी तिच्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ही माझी सख्खी बहीण. आता चांगली ठणठणीत हाय." तेव्हा ती हसून मान डोलवायची. जिना चढताना धाप लागते, कानात सारखं घूं घूं होतं, हे भावाच्या अब्रूसाठी गिळायची.

एका सोमवारी ती विहिरीवर धाडकन पडली. शाळेतल्या लताबाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी तिला धरून घरी आणलं, पापणी ओढून पाहिली. पापणी आतून पांढरीफटक.

"गोळ्या घेता ना?"

चांगुणेनं कालच शेडमधून आणलेली तांबड्याची बाटली दाखवली आणि सगळं पथ्यपाणी सांगितलं. लताबाई बौद्ध वस्तीतल्या. बाबाबुवांच्या वाटेला न जाणाऱ्या, पण तोंडावर कुणाचा पाणउतारा करणाऱ्याही नव्हेत. त्यांनी फक्त एक विचारलं, "आपल्याकडे पंगतीत पानावर आधी मीठ पडतं, मग लिंबू. महाराजांच्या पंगतीत मीठ आहे, मग लिंबूच का नाही?"

चांगुणा उठली, लिंबू चिरलं आणि वाटीतल्या तांबड्यावर पिळलं. वाटी पिवळी झाली.

दोघी वाटीकडे बघत राहिल्या. लताबाई काही सांगायच्या आतच चांगुणेनं वाटी उचलून उजेडात धरली. तिला आईची परात दिसली. आई घरीच कुंकू करायची. चुन्याच्या निवळीत हळद कालवायची, आणि हळद हां हां म्हणता लाल व्हायची. परातीच्या एका बाजूला चांगुणा, दुसऱ्या बाजूला कोंडाजी. कालवायचं काम कोंडाजीचं, कारण त्याचे हात मोठे.

"बाई, माझ्या दादाला हे ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्याला पहिल्यापासून ठाऊक हाय."

पुढच्या रविवारी पंगत बसली. चांगुणेच्या पदरात लिंबं होती, शेजारी लताबाई. महाराजांनी ग्लास पुढे केला. चांगुणेनं सगळ्यांदेखत त्यात लिंबू पिळलं. तांबडं पिवळं झालं.

महाराज कडाडले, "पाप्याचा हात लागला. देव न मानणारी बाई शेजारी बसली, आसव बाटलं."

"मग न बाटलेलं घेऊ," लताबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी बरणीतलं पांढरं एका ग्लासात घेतलं, महाराजांच्याच ताटातला भंडारा टाकला. "झुंबरभाऊ, तुमची चुन्याची डबी द्या."

झुंबरनं तंबाखूची चंची सोडून डबी दिली. बाईंनी त्यातला चुना बोटभर घेऊन ग्लासात ढवळला. पिवळं लाल झालं. मंत्र नाही, पंजा नाही. "फुलपात्राच्या तळाला चुना थापलेला असतो. आसव आंबट, चुना तो आंबटपणा मारतो, आणि हळदीला चुना भेटला की ती लाल होते. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. एवढंच आहे. म्हणून लिंबू विष."

मग काय, पुरुषांच्या खिशातून डब्याच डब्या निघाल्या. जो तो ढवळून बघू लागला. चमत्कार इतके दिवस ज्याच्या त्याच्या चंचीत होता आणि लोक तो बघायला जीप करून येत होते. चेअरमन मात्र ग्लासाकडे बघत पुटपुटत होते, "पण मला लवंग लागली होती." गडबडीत महाराज मागच्या दारानं कधी सटकले, कुणाला कळलं नाही.

चांगुणा पडद्यामागे गेली. कोंडाजी फुलपात्र हातात धरून बसला होता.

"माझ्या गोळ्या का बंद केल्या, दादा?"

"लोकांची खात्री पटायला कुणीतरी घरचं माणूस लागत हुतं," तो म्हणाला. "परक्यावर कोण इस्वास ठेवतं?"

"मी मेले असते तर?"

तो फुलपात्राचा तळ धोतरानं पुसू लागला. चांगुणेला रडू आलं नाही. तिला फक्त एवढंच वाटलं, आईनं शिकवलेलं ह्यानं माझ्यावरच वापरलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पावसाळा सरेपर्यंत तिची पापणी आतून गुलाबी झाली. आता कुणी नव्या महाराजाचं कौतुक सांगायला आलं की ती विचारते, "तो काय खाऊ नका म्हणतो? काय विचारू नका म्हणतो? तेच आधी विचारा. खरं असेल ते विचारल्यानं बिघडत नाय." शहाण्यासुरत्यांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही. आपल्या घरात रोज दिसणारी गोष्ट गादीवर बसली की आपल्याला ओळखू येत नाही, आणि ती गादीपर्यंत नेणारा बरेचदा आपलाच माणूस असतो.

भाऊबीजेला कोंडाजी आला. आला म्हणून तिनं त्याला हाकललं नाही. पाट मांडला, ताट वाढलं. ओवाळायला निरांजन लावलं, करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं, आणि तिचा हात तिथंच थांबला. त्यानं कपाळ पुढे केलं होतं. तिनं बोट पदराला पुसलं.

"जेव," ती म्हणाली. "ताटात लिंबू हाय."