साखळीला बांधलेला पेला

मी एक जुना ॲल्युमिनियमचा पेला आहे आणि मित्रांनो, मला मुलं मुळीच आवडत नाहीत. लगेच तोंड पाडू नका, आधी ऐका.

ब्रह्मदेशात इरावती नदीच्या काठी, आमच्या शाळेच्या फाटकाजवळ एक पाणपोई आहे. दॉ सेन म्या या म्हातारीने ती वारलेल्या नवऱ्यासाठी बांधली. मातीचे दोन रांजण, वर पत्रा आणि साखळीला बांधलेला मी. माझ्यावर तिने नवऱ्याचं नाव कोरून घेतलं : ऊ फो सान. इथे कुणाचीही तहान भागली, की त्याचं पुण्य तिच्या नवऱ्याला.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग तुमच्यासारखी मुलं आली. मातीत खेळून तशीच यायची, कोपरापर्यंत हात घालून मला रांजणात बुडवायची आणि उष्टं पाणी परत आत ओतायची. कुणाचा शेंबूड, कुणाच्या दातातलं शीत, सगळं माझ्या काठाला. शी! मला पळून जावंसं वाटे, पण साखळी होती.

भातलावणीच्या दिवसांत एकोणीस मुलांची पोटं बिघडली. दुसरीतल्या मो हेइनला तर नावेत घालून इस्पितळात न्यावं लागलं. शाळेतल्या थिंझारबाईंनी रांजणांवर फळ्या ठोकल्या आणि आपापला पेला घरून आणायला सांगितलं.

दॉ सेन म्या तणतणत आली. "माझ्या धन्याचं पुण्य बंद करणारी तू कोण गं? कालची पोर!"

"पुण्य चालू द्या, आजी. हा पेला बंद करा."

"का? त्यावर त्यांचं नाव आहे! आणि पाणी मी स्वतः भरते."

"मग प्या की."

म्हातारीने फळी उचकटली, मला बुडवलं आणि वर काढलं. पाण्यात शीत तरंगत होतं, तळाशी माती. तेवढ्यात तिची नात एई म्यात म्हणाली, "आजी, तू तर नेहमी घरचं उकळलेलं पितेस ना?"

पोरं फिदीफिदी हसली. म्हातारी हट्टाने मला ओठांपाशी घेऊन गेली.

"मो हेइनपण हेच प्यायला होता," नात हळूच म्हणाली.

म्हातारी थांबली. तिने नवऱ्याच्या नावाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि ते सगळं थिंझारबाईंच्या पायांवर ओतून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती खिळा आणि हातोडा घेऊन आली. माझ्या बुडाला तिने पाच भोकं पाडली. फार दुखलं. रांजण घासून त्यांना झाकणं आणि तोट्या बसवल्या. मला उंच टांगलं, शेजारी जाळीत साबण. आता माझ्यातून कुणी पिऊ शकत नाही. पाणी ओतलं की धार लागते आणि खाली हात धुतात.

ती आणि थिंझारबाई अजून एकमेकींशी बोलत नाहीत. म्हातारी मात्र रोज इथे बसून नखं तपासते. "काय रे, नखांत शेत नांगरलंस का? घास परत!"

म्हणून सांगतो, मित्रांनो, माझी कीव करू नका. हात धुवा, आपला पेला आपण आणा आणि उष्टं पाणी परत ओतू नका. एवढं करा, मग आवडायचं की नाही ते मी बघेन.

परवा मो हेइन परत आला. हडकुळा झालाय. कुणी न सांगता त्याने माझ्या धारेखाली हात चोळून चोळून धुतले आणि स्वतःच्या पेल्यातून पाणी प्यायला. म्हातारीने त्याची बोटं उलटसुलट करून पाहिली. ओरडण्यासारखं काही सापडेना. मग ती माझ्यावरच्या नावाकडे वळून म्हणाली, "अहो, आज लागलं बरं का तुम्हाला पुण्य."