तीन स्वच्छ रात्री

मंत्री मंग छी यांनी बांबूची पट्टी वाचली आणि कमरेचा लहान चाकू काढला.

अंगणात सम्राटांनी पाठवलेला बैल रवंथ करत उभा होता. शेजारी मद्याचे दहा रांजण. आभाळात केरसुणी, म्हणजे शेपटीचा तारा, दिसली की तिचा दोष एका मंत्र्याने पत्करायचा. हा आहेर ज्याच्या दारी येई, त्याने सूर्यास्ताच्या आत स्वतःच्या हाताने जीव द्यायचा. लेखी हुकूम नसे. दरबार तेवढा सभ्य होता.

"केरसुणी लोपली, असं लिहिलंयस. किती रात्री दिसली नाही?"

"दोन, गुरुजी. आभाळ स्वच्छ होतं," वेधशाळेतला लेखनिक शू यान म्हणाला. "ही पट्टी आत्ता दरबारात पोचली तर दोष फिटतो. बैल परत जाईल."

"जाऊ दे बाबा. सकाळपासून माझा कोबी फस्त करतोय."

"गुरुजी, थट्टा नको."

"नियम काय आहे?"

तीन स्वच्छ रात्री तारा दिसला नाही तरच 'लोपला' लिहायचं, हा नियम वेधशाळेचे प्रमुख असताना मंग छींनीच घातला होता.

"तुझ्या वडिलांनी दोन रात्रींवर लिहिलं. तिसऱ्या रात्री तारा पुन्हा हजर. मी त्यांना हाकललं."

"माहीत आहे. मरेपर्यंत तुम्हाला शिव्या घालत होते."

"आणि तू माझ्यासाठी तेच लिहून आणलंस?"

"मला तुम्ही शिकवलंत. त्यांना हाकलल्यावरसुद्धा."

"मग शिकवणं वायाच गेलं म्हणायचं."

चाकू फिरला. बांबूचा भुसा मांडीवर पडला. कोरी झालेली पट्टी शू यानच्या हातात देऊन मंग छींनी नोकराला एक रांजण आत आणायला सांगितलं.

त्या रात्रीही आभाळ लखलखीत होतं. तारा नव्हता. पहाटे शू यानने त्याच पट्टीवर, नियमाप्रमाणे, लिहिलं.

दरबारात दोन नोंदी एकापाठोपाठ वाचल्या गेल्या. सूर्यास्ताला मंत्री वारले. त्याच रात्री केरसुणी लोपली.

"बघ, एका माणसात भागलं!" बाओ म्हणाले. कालपर्यंत ते वेधशाळेचे प्रमुख होते. आज मंग छींच्या जागी मंत्री. नवा जांभळा कमरपट्टा अजून कमरेवर नीट बसत नव्हता, दर दोन वाक्यांनी वर ओढावा लागे. "ही नोंद जपून ठेव. पुढच्या वेळी शोधाशोध नको."

"नाही होणार, साहेब," पट्ट्यांची गाठ आवळत शू यान म्हणाला. "अगदी वरच ठेवतो."