जुनं पुसून झाल्यावर

हिरवा दिवा केशरी झाला... मोहरीच्या दाण्याएवढा तो दिवा, आणि अभिमन बोरसे त्याच्याकडे असा पाहत होता की जणू तो आता काही बोलणार. बोलत होता तो संगणकाचा पडदा: जुनं पुसायचं? हो की नाही?

बत्तीस संगणकांना एकमेकांशी बोलतं ठेवणारा हा पत्र्याचा डबा, याला स्विच म्हणायचं, दहावा संगणक लागला की मौन धरायचा. आणि परवा तपासणी समिती. नव्या सॉफ्टवेअरनं तो सुधारेल, पण त्याच्या पोटात जुनं-नवं एकत्र नांदण्याइतकी जागा नव्हती. आधी जुनं पुसा, मग नवं भरा, आणि मधल्या वीस मिनिटांत वीज गेली तर डबा कायमचा मुका. बॅटरी होती, पण ती प्राचार्यांच्या कूलरला. आधी काय गार राहिलं पाहिजे याबद्दल संस्थेत मतभेद नव्हते.

"पुण्याहून इंजिनिअर बोलावू," प्राचार्य म्हणाले होते, "तुम्ही स्टोअरमध्येच बरे होतात, बोरसे." त्यावर कुणीतरी म्हणालं, मी करतो. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, म्हणजे तो स्वतःच.

भारनियमन एकला, आणि पाऊणपर्यंत पोरांचा संगणकाचा तास. म्हणून वीज उपकेंद्रात ऑपरेटर असलेल्या झुलालला, बायकोच्या भावाला, फोन लावला होता.

"मन्ही बहीनना मिक्सरसाठे कधी इचारं नही तुम्ही, दाजी!" झुलाल हसला. "जा, अर्धा तास देस. पन गावले सांगू नका, नही ते रोज मांगतीन."

एकला दहा कमी. हो की नाही... भडगावला मुलगी बघायला गेले तेव्हाही असंच विचारलं होतं, आणि त्यानं वडिलांकडे पाहिलं होतं. 'हो' ते म्हणाले. नोकरीला मामा हो म्हणाले. चव्वेचाळीस वर्षं लोक त्याच्या वतीनं हो म्हणत आले, आणि तक्रार करण्यासारखं काही झालंही नाही — हीच तर तक्रार.

त्यानं बटण दाबलं.

जुनं गेलं. गंमत म्हणजे डबा चालूच होता, नुसत्या आठवणीवर, दिवे लुकलुकत... मग नवं येऊ लागलं: प्रत्येक तुकड्यागणिक पडद्यावर एक उद्गारचिन्ह, ओळच्या ओळ, एवढा आनंद त्याच्याबद्दल आजवर कुणी लेखी व्यक्त केला नव्हता.

एक वाजून गेला. पंखा फिरत राहिला. शिपाई शेवंताबाई दारात थबकली.

"सर, या टायमाले लाइट कशी काय शे?"

"शे खरी," तो म्हणाला.

"मंग मी दळन टाकीसन येस!" — आणि ती गेलीसुद्धा, पाठोपाठ रस्त्यापलीकडची गिरणी सुरू झाली, कुठेतरी रेडिओ, कुठेतरी वेल्डिंगचा चरचराट, सगळा शिरपूर रोड भर दुपारी खुळ्यासारखा कामाला लागला, आणि याचं कारण आपण आहोत हे ठाऊक असलेला माणूस इथे बनियनपर्यंत घामानं भिजून एकटाच हसत होता.

उद्गारचिन्हं थांबली. नव्यानं सुरू करायचं? हो की...

प्रश्न पुरा वाचायच्या आत त्यानं दाबलं. सगळे दिवे विझले. डबा काळाठिक्कर, गप्प. आता छाती धडधडायला हवी, प्राचार्यांचा चेहरा दिसायला हवा... तो वाट पाहत राहिला, भीतीचीच. ती काही आली नाही. बोटं टेबलावर ठेका धरून बसली होती. मुका राहिला तर राहिला — त्याच्या मनात आलं, आणि आपण किती खूश आहोत याचं त्यालाच नवल वाटलं — राहिला तरी तो मी केलेला.